खिळे, गहू आणि दौंड कॉर्ड लाईन : सासू-सुनेचे पाच दिवस

आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक आम्हा सासू-सुनांना रूथ-नामी म्हणतात, बायबलमधल्या विधवा सून आणि सासूवरून. कौतुकानं म्हणतात, पण रूथला वेचायला निदान बवाजाचं शेत तरी मिळालं. मला पुणे-दौंड गाडीत खिडकीसुद्धा मिळाली नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत माझे यजमान गेले. झोपेत, काही न सांगता. त्यानंतर मी दर रविवारी उपासनेला जात होते, रांगेत उभी राहत होते, गायनाचं पुस्तक उघडून धरत होते. आवाज मात्र निघत नव्हता. रडू येऊन घसा दाटतो तसंही नाही. नुसता निघत नव्हता. "देवाची काहीतरी योजना असेल" असं म्हणणाऱ्यांना मी चहा द्यायचं बंद केलं होतं, एवढं सांगितलं तरी मनःस्थिती कळेल.

२०२५ च्या ईस्टरला कुठेतरी जाऊ या, हे सासूबाईंनी ठरवलं. वय ७९. यादी त्यांचीच: केडगावचं मुक्ती मिशन, कारण त्यांची आजी तिथे वाढली, नगर, कारण मावसबहीण, आणि हरेगाव, कारण शाळेतली एक मैत्रीण श्रीरामपुरात असते. "आणि तुला कुठे जायचंय?" असं त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, कुठेच नाही. "मग चल," म्हणाल्या.

गुरुवार, केडगाव

हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव करत गाडी केडगावला पोचली तेव्हा साडेदहा झाले होते आणि ऊन चांगलंच तापलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस. हा सगळा गुऱ्हाळांचा टापू. वाऱ्याची दिशा बरोबर असेल तर उकळत्या रसाचा वास स्टेशनापर्यंत येतो. त्या दिवशी ती बरोबर होती.

मुक्ती मिशन स्टेशनापासून लांब नाही, पण आईंच्या (सासूबाईंना मी आईच म्हणते) गुडघ्यांमुळे रिक्षा केली. जाणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. हे बघायचं 'स्थळ' नाही, राहतं घर आहे. मुली, म्हाताऱ्या, निराधार बाया तिथे राहतात. आधी फोन करून विचारा, आणि मोबाईल पिशवीत ठेवा.

हे मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंची गोष्ट आमच्या घरांत लहानपणापासून कानावर असते. १८७४ च्या सुमारास दुष्काळात भटकंती करताना आई-वडील गेले, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. लग्न झालं आणि १८८२ मध्ये नवराही गेला. कडेवर मुलगी मनोरमा. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून बाईंनी शेकड्यांनी उपाशी मुली-बायका आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या या माळावर वस्ती केली, विहिरी खणल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर इथे दोन हजारांच्या आसपास माणसं जेवत होती. त्यातली एक आईंची आजी. वय आठेक वर्षांचं असावं, गाव माहीत नाही.

"जुन्या नोंदीत नाव सापडतंय का विचारू या?" मी म्हटलं.

"नाव बघून काय करू? ते तिला इथेच मिळालं. आधीचं काय होतं ते तिलाच आठवत नव्हतं."

आवारात झाडाखाली एक बाई ताटात गहू निवडत बसल्या होत्या. सत्तरीच्या असतील, इथेच वाढलेल्या. सलाम झाला, आई शेजारी टेकल्या आणि बोलता बोलता त्यांचा हात ताटात गेला. तसा तो जातोच, निवडायचं धान्य दिसलं की आमच्या आईंना राहवत नाही. बाईंनी दुसरं ताट माझ्याकडे सरकवलं. विचारलं वगैरे नाही.

"मालक कधी गेले?"

मी सांगितलं. मला वाटलं आता योजना येणार.

"कडेचे खडे राहिलेत बघ," त्या म्हणाल्या.

दीड तास आम्ही तिघी गहू निवडत होतो. आई आजीबद्दल बोलत होत्या, मलाही त्यातलं बरंच नवीन होतं. आजी इथल्या छापखान्यात होती. रमाबाईंनी मुलींना विणकाम, शेती, तेलाचा घाणा शिकवला, तसा छापखानाही शिकवला होता आणि खिळे जुळवायच्या कामावर मुलीच असायच्या. शिशाचे खिळे, प्रत्येकावर एक उलटं अक्षर. तो हात आणि ती नजर आजीची कधी गेली नाही. म्हातारपणी नातवंडं समोर बसून धडा वाचत असली की ती पलीकडून, पुस्तक तिच्या बाजूनं उलटं असताना, त्यांची चूक काढायची. "आम्हाला वाटायचं आजीला जादू येते," आई म्हणाल्या. "आणि तिला चष्म्याशिवाय सुई ओवता यायची नाही!"

हाच छापखाना रमाबाईंच्या बायबलचा. बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, तेही साध्या बायांना कळावं अशा भाषेत. त्यासाठी त्या भाषा शिकल्या. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, त्यांचं एकुलतं एक मूल. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या, शेवटची प्रुफं तपासून. मधले आठ महिने त्या प्रुफं तपासत होत्या.

हे मी उपदेशांतून वीस वेळा तरी ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर गेल्या वर्षभरात त्याचा रागच यायचा. एवढा विश्वास ज्यांच्यापाशी असतो त्यांचं ठीक आहे, असं वाटायचं. गहू निवडताना पहिल्यांदा डोळ्यांपुढे आलं की प्रूफ तपासणं म्हणजे करतात काय. अनुस्वार सुटलाय का, काना निखळलाय का, ओळ दोनदा पडलीय का. वेलांटी ऱ्हस्व आहे की दीर्घ, हे बघायला मन आनंदी असावं लागत नाही. आशा वगैरेही लागत नाही. पान पुढे असावं लागतं.

१९०५ साली मुक्तीत जे संजीवन, म्हणजे विश्वासाचं नवं जागरण, झालं त्यावर लोक भरभरून बोलतात, रात्ररात्र चाललेल्या प्रार्थना आणि रडणं. ते झालंच. पण मला विचाराल तर त्याच्या आठ वर्षं आधीच्या विहिरी जास्त बघाव्याशा वाटल्या.

मुक्काम ओळखीच्यांच्या घरी. रात्री बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वाटीभर काकवी. काकवी इथून घ्याच, पण बाटली दोनदा पिशवीत गुंडाळा. आमची सांडली. माझ्या एका साडीला अजून मुंग्या येतात.

शुक्रवार, नगर

या दिवशी गडबड झाली आणि ती पूर्णपणे माझी. केडगावहून लोकलनं दौंडला आलो, तिथून पुण्याहून नगरकडे जाणारी एक्सप्रेस पकडायची होती. जंक्शनवर बाकावर बसलो, केळी खाल्ली. गाडीची वेळ झाली, गाडी नाही. शेजारच्या हमालदादांनी तिकीट बघितलं आणि कपाळाला हात लावला. पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या आता जंक्शनात येतच नाहीत, बाहेरच्या बाहेर 'दौंड कॉर्ड लाईन' नावाच्या वेगळ्या स्टेशनावरून जातात. तिकिटावर ते स्वच्छ लिहिलेलं होतं. रिक्षा करून तिकडे पोचेपर्यंत गाडीचा शेवटचा डबा दिसला. तेव्हा या मार्गानं जाणार असाल तर तिकिटावरचं स्टेशन वाचा. दोनदा वाचा.

मग एसटी. आईंना पंचाहत्तरीच्या पुढे म्हणून प्रवास फुकट, आधार कार्ड तेवढं दाखवावं लागलं. मला महिलांचं अर्धं तिकीट. "अपघातानं का होईना, स्वस्तात पडलं," आई म्हणाल्या. त्यांचा उपास होता, माझा केळ्यांवर मोडला होता. काष्टीच्या पुढे गरम वाऱ्याच्या झोतात सगळी बस पेंगत होती. मी घड्याळ बघत होते. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) उपासना बाराला सुरू होते आणि तीनपर्यंत चालते. येशूचे क्रुसावरचे सात उद्गार, प्रत्येक उद्गारावर वेगळा उपदेशक, मध्ये गायन. आई आयुष्यात कधी ती चुकल्या नव्हत्या.

नगरात (आता अहिल्यानगर, पण आईंच्या तोंडात नगरच) उतरून रिक्षानं थेट चर्च गाठलं. चपला काढून मागच्या बाकावर बसलो तेव्हा तीन उद्गार होऊन गेले होते. चौथा सुरू होत होता. तरुण उपदेशक उभा राहिला, कागद सरळ केला आणि वाचलं, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

आधीच्या तीनमध्ये क्षमा आहे, सुखलोकाचं वचन आहे, आईची सोय लावणं आहे. ते सगळं आमचं बसमध्ये गेलं. आणि या पोरानं, पंचविशीचा असेल, त्या वाक्याला गोड उत्तर जोडलं नाही. तो म्हणाला की या प्रश्नाला क्रुसावर उत्तर आलेलं नाही, नीट वाचा, पुढच्या ओळीत लोक आंब (आंबट द्राक्षारस) आणायला धावतात. मग म्हणाला, पण हा प्रश्न २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, म्हणजे ज्याला दुसरं काही सुचत नव्हतं त्यानं पाठ असलेलं म्हटलं. आणि बसला. दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील. मी वर्षभरात ऐकलेला एवढाच उपदेश मला आठवतो.

नंतरच्या एका वक्त्यानं हातापायांत ठोकलेल्या खिळ्यांचं लांबलचक वर्णन केलं. आई माझ्या कानाशी वाकल्या. "आजीच्या बोटांना खिळ्यांचा वास यायचा. शिशाचा. मेली तेव्हासुद्धा मला तो आल्यासारखा वाटला." पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून बघितलं.

संध्याकाळी मावशींकडे (आईंची मावसबहीण) आमटी-भात. उपासानंतरच्या आमटीला कोणी नावं ठेवू नयेत, तरी तिखट होती.

शनिवार, नगरच

या शनिवारचं काय करायचं हे मला कधीच कळलेलं नाही. येशू काल मेला, उद्या उठणार, आज काय? बायबलात या दिवसाबद्दल जवळजवळ काहीच नाही. बायका शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, म्हणून घरी बसून राहिल्या, एवढंच.

मावशींचा नातू बादली, खराटा, चुना घेऊन कबरस्तानात निघाला, त्याच्याबरोबर गेलो. ईस्टरच्या आधी इथे कबरी धुतात, चुना लावतात. सगळं कुटुंब येतं, पोरं पाण्याच्या बादल्या नेता नेता एकमेकांवर उडवतात, कोणीतरी भेळ आणतं. माझ्या माणसाची कबर पुण्यात. इथे मी कोणाकोणाच्या धुतल्या ते मला माहीत नाही. एका कबरीवरचं नाव शेवाळानं पार बुजलं होतं, नातवानं जुना टूथब्रश दिला, त्यानं घासून एकेक अक्षर मोकळं केलं. बायकोचं नाव, खाली 'यांची प्रिय पत्नी', आणि त्याच्या खाली नवऱ्याच्या नावासाठी सोडलेली जागा. ती कोरीच राहिलेली. कुठे गेला असेल? मावशी म्हणाल्या, "पुन्हा लग्न केलं असेल." नगरी उत्तर.

दुपारी झोप येईना तेव्हा मावशींनी गावाच्या गोष्टी काढल्या. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ मध्ये आलं, 'ज्ञानोदय' नियतकालिक १८४२ मध्ये इथेच सुरू झालं, सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा इथली. पण मावशींना खरा जिव्हाळा लक्ष्मीबाई टिळकांचा. त्यांच्या यजमानांनी, रेव्हरंड टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. पाच वर्षांनी, १९०० साली, त्या आपल्या पायांनी चालत बाप्तिस्म्याच्या निर्णयाला पोचल्या, आणि नगरात प्लेग आला तेव्हा त्याच बाई प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. "पाच वर्षं," मावशींनी हाताची बोटं पसरली. "तुझं तर आत्ता कुठे एक झालंय. घाई कशाची?"

एवढं बरं मला कोणाच्याच बोलण्यानं वाटलं नव्हतं.

रविवार, पहाट

चारला उठलो. कालच्या चुन्याचा ओला वास, प्रत्येक कबरीवर मेणबत्ती, वारा सुटलेला म्हणून काहींनी काचेचे ग्लास आणलेले. दिवसा चाळीस अंशाला भाजणारं हे गाव पहाटे गार पडतं, शाल न्या. पेटी, ढोलकी आणि टाळ. आमच्या मराठी मंडळ्यांची अर्धी गायनं अभंगाच्या आणि ओवीच्या चालीवर, तेव्हा टाळ असायचेच. "प्रभू उठला आहे," पाळकसाहेब म्हणाले. "खरोखर उठला आहे," सगळे म्हणाले. मी ओठ हलवले.

गायन सुरू झालं. आईंना सगळी पाठ, त्या पुस्तक घेतच नाहीत. पहिलं कडवं खणखणीत. दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीला त्या थांबल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, तोंड अर्धवट उघडं, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली भीती. शब्द गेला होता. ७९ वर्षं तोंडात असलेला शब्द. लोक पुढे निघाले होते.

मी दिला. म्हणजे मी ती ओळ म्हटली, त्यांच्या कानाशी, चालीतच. आवाज फाटका निघाला, शाळेतल्या वयात आलेल्या मुलाचा असतो तसा. त्यांनी ती उचलली. पुढची विसरल्या, तीही दिली. शेवटच्या कडव्यापर्यंत मी पुढे आणि त्या मागे असं चाललं. संपल्यावर त्यांनी शाल सारखी केली. "हल्ली होतं असं," म्हणाल्या. परत येताना रिक्षात दोघी काही बोललो नाही.

मग मटण. लाल रस्सा, बाजरीच्या भाकरी, कांदा, लिंबू, पंधरा माणसांची पंगत. नगरच्या रश्श्याबद्दल मी काही लिहिणार नाही, ज्यांनी खाल्लाय त्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांना पटणार नाही.

सोमवार, हरेगाव आणि परत

श्रीरामपूरला रेल्वेनं जाताना लक्षात ठेवा, स्टेशनचं नाव बेलापूर आहे. नवी मुंबईतलं नव्हे. (मी वाचलं. दोनदा.) हरेगाव तिथून जवळ, बंद पडलेल्या बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचं गाव. तिथल्या संत तेरेजा चर्चमधल्या मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या, यात्रेला सप्टेंबरात, ८ तारखेच्या आसपास, लोटच्या लोट येतात, आणि त्यात सगळेच ख्रिस्ती असतात असं नाही. एप्रिलच्या दुपारी मात्र आवार रिकामं होतं.

आईंची मैत्रीण कॅथलिक, आम्ही प्रॉटेस्टंट. मरियेपुढे मेणबत्ती लावणं आमच्यात बसत नाही. साठ वर्षं त्या दोघी यावरून भांडतायत आणि त्या दिवशीही पायरीवर बसून भांडल्या. मैत्रीण सांगत होत्या की हे त्यांचं ज्युबिली वर्ष आहे, पोपसाहेबांनी त्याला 'आशेचे यात्रेकरू' असं नाव दिलंय. "म्हणजे आपण," त्या म्हणाल्या. "माझं एक ऑपरेशन झालेलं, हिचे दोन्ही गुडघे गेलेले."

दीडच्या सुमारास आतून एक सिस्टर मोबाईल हातात घेऊन आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, पोप फ्रान्सिस गेले. आज सकाळी.

"काल तर होते टीव्हीवर," मैत्रीण म्हणाल्या. "गच्चीतून आशीर्वाद दिला." खरंच होते. आदल्याच दिवशी, ईस्टरला, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा तो आजारी माणूस बाहेर येऊन लोकांना भेटून गेला होता. आम्ही कोणीच काही बोललो नाही. कुठेतरी पंप चालू होता. मग मैत्रीण उठल्या, मेणबत्त्यांचा पुडा काढला, एक लावली. एक आईंपुढे धरली.

आईंनी माझ्याकडे बघितलं नाही. मेणबत्ती घेतली, मैत्रिणीच्या ज्योतीवर पेटवली आणि शेजारी ठेवली. "ही त्यांच्यासाठी," एवढं म्हणाल्या. पोपसाहेबांसाठी की माझ्या यजमानांसाठी, मी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत आईंना खिडकी मिळाली. राहुरी गेलं, उसात दिवे लागले. मला वाटलं झोपल्या.

"यात्रा सप्टेंबरात असते म्हणाली ना ती?"

"हो. पण पाऊस असतो तेव्हा. आणि गर्दी."

"छत्र्या घेऊ. रिझर्वेशन किती आधी मिळतं?"

"साठ दिवस."

त्यांनी बोटांवर मोजलं. "मग जुलैत आठवण कर मला. मी विसरते हल्ली."

आज सकाळी केली. तिकिटं काढली, दोन. खिडकी एकही मिळाली नाही.